पहिल्यावरून तिसऱ्या मजल्यावर 40 सेकंद, मग सहाव्यावर किती?

खानापूरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीला आहे, मराठी माध्यम, खानापूर तालुका. काल गृहपाठात हे गणित आलं:

"एका इमारतीत पहिल्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढायला 40 सेकंद लागतात. त्याच वेगाने पहिल्या मजल्यावरून सहाव्या मजल्यावर जायला किती सेकंद लागतील?"

तिने त्रैराशिक मांडलं. 3 ला 40, तर 6 ला 80. गाईडच्या मागच्या पानावरही 80 च दिलंय. तिच्या मामाने 100 सांगितलं आणि तिथून घरात वाद सुरू झाला. मामाचं उत्तर बरोबर आहे हे मला आकृती काढल्यावर कळतं, पण तिचा प्रश्न वेगळा आहे: "सहा हे तीनच्या दुप्पट आहे ना, मग वेळ दुप्पट का नाही?" हा प्रश्न मला चांगला वाटतो. नुसतं "तसं नसतं" म्हणून तिला गप्प करायचं नाहीये. कसं पटवून देऊ?

आणि आणखी एक. आपल्याकडे तळमजला वेगळा आणि पहिला मजला त्याच्यावर. त्याने उत्तर बदलतं का?

येळ्ळूरचे_गुरुजी

ताई, उत्तर 100 च. पहिल्यावरून तिसऱ्यावर जाताना चढ दोनच: एकवरून दोन, दोनवरून तीन. दोन चढांना 40, म्हणजे एका चढाला 20. पहिल्यावरून सहाव्यावर चढ पाच. 5 × 20 = 100.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. तो खरोखरच चांगला आहे आणि वर्गात मी त्यावर एक आख्खा तास खर्च केला असता. तिला विचारा, वेळ कशात जातो? मजल्यावर उभं राहण्यात जात नाही, दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात जातो. मजला म्हणजे जागा, चढ म्हणजे दोन जागांमधलं अंतर. शेताच्या बांधावर सहा डांब रोवले तर त्यांच्यामध्ये तारेचे पट्टे पाचच बसतात. तार विकत घेताना डांब मोजून चालत नाही, पट्टे मोजावे लागतात.

"तिसरा" हा आकडा किती चढलो ते सांगत नाही, कुठे पोचलो ते सांगतो. असल्या आकड्यांची वजाबाकी करता येते, भागाकार नाही. 6 − 1 = 5 आणि 3 − 1 = 2, इथपर्यंत ठीक. पण 6 ÷ 3 = 2 ला इथे काही अर्थच नाही. इ.स. 2000 हे साल इ.स. 1000 च्या "दुप्पट" असतं का? दोघांत हजार वर्षांचं अंतर आहे एवढंच आपण म्हणतो. तापमानाचंही तेच. 40 अंश सेल्सिअस म्हणजे 20 अंशाच्या दुप्पट उष्णता नव्हे, कारण शून्य अंश ही पाणी गोठण्याची खूण आहे, उष्णता संपल्याची नाही.

त्रैराशिक चुकीचं नाही हे तिला आवर्जून सांगा. चढांवर लावलं तर ते अगदी बरोबर चालतं: 2 चढांना 40, तर 5 चढांना 100. फक्त ते कशावर लावायचं हे आधी ठरवायला हवं.

चिकोडीकर

गुरुजींबद्दल आदर आहे, पण मला 80 ही बरोबर वाटतं. माणूस इमारतीत शिरतो तो जमिनीवरून. तिसऱ्या मजल्यावर जायला तीन जिने, सहाव्यावर जायला सहा. तीन जिन्यांना 40 तर सहा जिन्यांना 80. गाईडवाल्याने तेच धरलं असणार.

येळ्ळूरचे_गुरुजी

"तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर 40" असं लिहिलं असतं तर 80 ला मीही पूर्ण गुण दिले असते. पण गणितात सुरुवात पहिल्या मजल्यावरून आहे असं स्पष्ट लिहिलंय. माणूस इमारतीत कुठून शिरला हे विचारलेलंच नाही. दिलेली सुरुवात बदलायची मुभा सोडवणाऱ्याला नसते, आणि उत्तर छापणाऱ्यालाही नसते.

निपाणीकर_पुण्यात

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

मजल्यांना नावं देण्याच्या दोन रीती आहेत. आपण इंग्रजांची घेतली: जमिनीलगतचा तो तळमजला, त्यावरचा पहिला. अमेरिका, रशिया, चीन, जपान इथे जमिनीलगतचाच मजला पहिला. इंटरनेटवरून उतरवलेली बरीच कोडी या दुसऱ्या रीतीच्या देशांतली असतात, म्हणून मुलांचा गोंधळ होतो.

ताईंच्या गणितात मात्र काही फरक पडत नाही. आपला "पहिला ते सहावा" घ्या किंवा अमेरिकेचा, चढ पाचच. सगळ्या मजल्यांचे आकडे एकदम एकाने सरकवले तरी दोन मजल्यांमधलं अंतर तेवढंच राहतं.

फरक कुठे पडतो? जिथे गणित गुपचूप जमिनीवरून सुरू होतं तिथे. हे बघा:

"एकाच इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, मित्र पाचव्यावर. घरी जाताना त्याला माझ्या किती पट पायऱ्या चढाव्या लागतात?"

आपल्या रीतीने 5 ÷ 2 = अडीच पट. अमेरिकन रीतीने 4 ÷ 1 = चौपट. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर. इथे रीत सांगितल्याशिवाय गणित पुरं होत नाही.

आता थोडं अवघड:

"आजी आणि नात पहिल्या मजल्यावरून एकदमच चढायला लागल्या. नात चौथ्यावर पोचली तेव्हा आजी तिसऱ्यावर होती. नात दहाव्यावर पोचेल तेव्हा आजी कुठे असेल? वेग दोघींचा आपापला कायम."

मुलीला हे द्या. उत्तर उद्या लिहितो.

खानापूरची_आई

दिलं. तिने वही पुढे ओढून आधी उभी रेघ काढली आणि मजले टिंबांनी दाखवले. नातीचे 3 चढ होतात तेव्हा आजीचे 2. दहाव्यापर्यंत नातीचे 9, म्हणजे आजीचे 6. पहिल्यापासून सहा चढ म्हणजे सातवा मजला. बरोबर ना?

निपाणीकर_पुण्यात

अगदी बरोबर, सातवा. आता तिला विचारा, दोघी तळमजल्यावरून निघाल्या असत्या तर? मग 4 ला 3, म्हणून 10 ला साडेसात. म्हणजे आजी सातव्या आणि आठव्याच्या मधल्या जिन्यात. तेही उत्तर चुकीचं नाही, पण "कोणत्या मजल्यावर" असा प्रश्न असताना साडेसात आलं की ओळखायचं, गणित रचणाऱ्याच्या मनात सुरुवात दुसरी होती. परीक्षेत ही खूण फार उपयोगी पडते.

शहापूरचा_लिफ्टवाला

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो, बेळगाव शहर आणि आसपास. जिन्याच्या गणितात तुमचं सगळं पटतं. पण हीच गणितं पुस्तकात लिफ्टची म्हणून येतात, तेव्हा मला राहवत नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्याला सारखा वेळ घेत नाही.

आमच्याकडच्या चार-सहा मजली इमारतींत लिफ्टचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या आसपास असतो. दोन मजल्यांत उंची साधारण 3 मीटर. म्हणजे पुऱ्या वेगात असताना मजल्याला 3 सेकंद. पण दार मिटणं, गाडी सुटून वेग धरणं, थांबण्याआधी मंद होणं, दार उघडणं यातही वेळ जातो. एक मजला जा की सहा, मध्ये न थांबता गेलात तर हा वेळ एकदाच लागतो. समजा तो 7 सेकंद आहे:

तळमजला ते तिसरा: 7 + 3 × 3 = 16 सेकंद.
तळमजला ते सहावा: 7 + 6 × 3 = 25 सेकंद.

चढ दुप्पट झाले, वेळ 32 नाही, 25. म्हणजे लिफ्टच्या गणितात तळमजल्यावरून निघालात तरी साधं त्रैराशिक चालत नाही.

अथणीची_दहावी

काका, हे तर दोन चलांतलं समीकरणच झालं! ठरलेला वेळ अ, दर मजल्याचा वेळ ब. अ + 3ब = 16, अ + 6ब = 25. वजा केलं की 3ब = 9, ब = 3, अ = 7. एसएसएलसीला आम्हाला रिक्षाच्या भाड्यावर असं गणित असतं, सुरुवातीचं भाडं ठरलेलं आणि पुढे किलोमीटरला इतके. लिफ्टचं तर आम्ही स्वतः घड्याळ लावून मोजू शकतो.

शहापूरचा_लिफ्टवाला

मोजा की. फक्त मध्ये कुणी बटण दाबून थांबवलं तर ती फेरी सोडून द्या. आणि वर जातानाचं आणि खाली येतानाचं वेगवेगळं लिहा.

खानापूरची_आई

आता तळघराचं विचारते, मुलीचाच प्रश्न. मध्ये एका दवाखान्यात गेलो होतो, तिथे लिफ्टमध्ये तळमजल्याखाली आणखी दोन बटणं होती, बी1 आणि बी2. गाडी बी2 ला लावली आणि पाचव्या मजल्यावर गेलो. ती म्हणते, किती चढ? 5 − 2 की 5 + 2?

येळ्ळूरचे_गुरुजी

तळमजला शून्य माना, बी1 म्हणजे −1, बी2 म्हणजे −2. अंतर म्हणजे पोचलो ती जागा वजा निघालो ती जागा: 5 − (−2) = 7. बोटाने मोजूनही सातच येतात. −2 वरून −1, मग 0, मग 1, 2, 3, 4, 5.

ऋण संख्या वजा करताना अधिक का करायची, हे मुलांना सगळ्यात जड जातं. "दोन ऋण मिळून धन" असा मंत्र पाठ करून घेतला की मुलं बेरजेतही तो लावतात आणि −3 − 4 चं उत्तर +7 लिहितात. त्यापेक्षा लिफ्ट कितीतरी चांगली. एनसीईआरटीच्या 2024 च्या सहावीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ऋण संख्या लिफ्टवरूनच शिकवल्या आहेत, शून्याचा मजला, वर अधिक, खाली उणे. मला ती मांडणी फार आवडली. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये मांडले, संपत्ती आणि कर्ज या भाषेत. कर्जाची भाषा मोठ्यांना लगेच कळते. बारा वर्षांच्या पोराला लिफ्ट जवळची.

इथेही निपाणीकरांची सूचना लक्षात ठेवा. जमिनीलगतच्या मजल्याला 1 म्हणणाऱ्या इमारतीत 1 च्या खाली थेट −1 येतो, शून्य नसतोच. तिथे −2 वरून 5 वर जाताना चढ सातऐवजी सहाच होतात. इतिहासातही असंच होतं. इ.स.पूर्व 1 नंतर लगेच इ.स. 1 येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणून इ.स.पूर्व 2 ते इ.स. 5 ही सहाच वर्षं.

अथणीची_दहावी

मी एक देते. एक पेंटर इमारतीच्या बरोबर मधल्या मजल्यावर काम करत होता. तो 4 मजले वर गेला, 6 खाली आला, 3 वर गेला, मग आणखी 8 वर गेला आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचला. एकूण मजले किती?

चिकोडीकर

4 − 6 + 3 + 8 = 9. मधल्या मजल्यापासून वर 9, तसेच खाली 9. एकूण 18.

अथणीची_दहावी

आणि तो मधला मजला स्वतः? वर 9, खाली 9 आणि मधला 1, एकूण 19. मजल्यांची संख्या सम असली तर बरोबर मधला असा मजला नसतोच, म्हणून 18 येताच थांबून बघायला हवं. या उलट, सगळ्यात खालच्यावरून सगळ्यात वर जायला चढ किती असं विचारलं तर 18 बरोबर. गुरुजींचे डांब आणि पट्टे!

चिकोडीकर

ही तपासणी चांगली आहे, पोरांना सांगतो. मग विजापूरच्या गोल घुमटाचं घ्या. आमची शाळेची सहल दरवेळी तिथेच जाते. चारही कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि त्यातल्या अरुंद जिन्याने वर चढून घुमटाच्या आतल्या आवाज घुमणाऱ्या गॅलरीत जाता येतं. पायऱ्या उंच, पोरं दमतात. सात मजल्यांचा मनोरा असला तर खालच्या मजल्यापासून सातव्यापर्यंत चढ सहा, असंच ना?

निपाणीकर_पुण्यात

असंच. आणि सातव्याच्याही वर गच्चीत बाहेर पडायचं असेल तर तो सातवा चढ. "सातव्या मजल्यावर" आणि "सात मजले चढून" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणितात कुठलं म्हटलंय ते वाचूनच पेन टेकवायचं.

सात मजले निघालेच आहेत तर एक प्रसिद्ध गोष्ट सांगतो. जॉर्ज गॅमो हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ आणि मार्विन स्टर्न हे त्यांचे सहकारी, दोघे 1950 च्या दशकात अमेरिकेत एका सात मजली इमारतीत काम करत. गॅमो यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, स्टर्न यांची सहाव्यावर. गॅमो स्टर्नकडे जायला लिफ्टची वाट बघत, तेव्हा पहिली येणारी लिफ्ट जवळजवळ दरवेळी खाली जाणारी असे. स्टर्न गॅमोंकडे यायला निघत, तर पहिली येणारी वर जाणारी. वरच्या लिफ्ट कुठे जातात, खालच्या कुठून येतात?

उत्तर पुन्हा चढ मोजण्यातच आहे. सात मजल्यांत सहा चढ. दुसऱ्या मजल्याच्या वर पाच चढ, खाली एक. एकच लिफ्ट सतत वर-खाली फिरत असेल, तर तुम्ही येता त्या क्षणी ती तुमच्या वरच्या भागात असण्याची शक्यता 6 पैकी 5. वर असली की तुमच्याकडे येताना ती खालीच जात असणार. म्हणून 5/6. स्टर्न यांच्यासाठी बरोबर उलट. इथे कुणी चढांऐवजी मजले मोजून 5/7 लिहिलं तर संपलं.

ते पुढे असंही म्हणाले की लिफ्ट जास्त असल्या तरी हाच हिशेब लागू पडतो. तिथे ते चुकले होते आणि ते 1969 मध्ये डोनाल्ड क्नुथ यांनी दाखवलं. दोन लिफ्ट एकमेकींशी संबंध न ठेवता फिरत असतील तर 5/6 चं 13/18 होतं, आणि लिफ्ट वाढवत नेल्या की शक्यता अर्ध्याच्या जवळ जवळ जाते.

अथणीची_दहावी

13/18 कसं आलं? मला करून बघायचंय पण सुरुवात सुचेना.

येळ्ळूरचे_गुरुजी

लिफ्टचा पूर्ण फेरा मनात आण: वर सहा चढ, खाली सहा चढ, एकूण बारा. त्यातला जो भाग तुझ्या मजल्यापासून खाली एक चढ आणि परत वर एक चढ, तो दोनचा. आता तुझ्याजवळ पोचायला दोन चढांपेक्षा कमी राहिले असतील अशा लिफ्टचा विचार कर. ती एकतर खालून येतेय, नाहीतर वरून तेवढ्याच अंतरावरून येतेय. या पट्ट्यात दोन्ही बाजू सारख्याच शक्य आहेत. या पट्ट्यात एकही लिफ्ट नसेल तरच पहिली येणारी लिफ्ट नक्की वरून येणार.

एक लिफ्ट या पट्ट्यात नसण्याची शक्यता 12 पैकी 8, म्हणजे 2/3. दोन्ही नसण्याची 2/3 × 2/3 = 4/9. उरलेल्या 5/9 वेळा अर्धं-अर्धं. म्हणून 4/9 + 5/18 = 13/18. एकाच लिफ्टला हीच रीत लाव: 2/3 + 1/6 = 5/6. जुळतं. तीन लिफ्टचं तू कर आणि इथे लिही.

अथणीची_दहावी

2/3 चा घन 8/27. उरले 19/27, त्याचं अर्धं 19/54. एकूण 16/54 + 19/54 = 35/54. साधारण 0.65. आधी 0.83, मग 0.72, मग 0.65, खरंच अर्ध्याकडे चाललंय!

येळ्ळूरचे_गुरुजी

शाबास. अगदी बरोबर.

शहापूरचा_लिफ्टवाला

वाचून फार आनंद झाला. फक्त एक सांगतो, म्हणजे कुणी बेळगावात घड्याळ घेऊन उभं राहिलं तर फसणार नाही. "लिफ्ट सतत वर-खाली फिरत असते" ही अट आमच्या इमारतींत लागू नाही. इथली लिफ्ट बटण दाबल्याशिवाय हलत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी काही वेळ कुणी बोलावलं नाही तर ती आपोआप तळमजल्यावर येऊन थांबेल अशी सोय करतात. अशा इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे लिफ्ट बहुतेकदा खालूनच येणार, गॅमो यांच्या अगदी उलट. सोय नसेल तर शेवटचा माणूस जिथे उतरला तिथेच ती उभी राहते. सकाळी ऑफिसच्या वेळेला आणि दुपारी परत वेगळं. मोजणी करणार असाल तर आधी मला विचारा, कुठल्या इमारतीत काय सोय आहे ते सांगतो.